सत्तर फुटी इमारतीच्या सावलीतली बाग: एका बागरचना सेवेचा वर्षभराचा अनुभव

पुण्यातल्या एरंडवण्यात आमच्या बंगल्याच्या दक्षिणेला असलेला शेजारचा बंगला पुनर्विकासाला गेला आणि त्या जागी सुमारे ७० फूट उंचीची इमारत उभी राहिली. त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत सासूबाईंनी चाळीस वर्षे जपलेली मागच्या अंगणातली बाग आमच्या डोळ्यांदेखत ओसरत गेली. मोगरा कळी धरेनासा झाला, गुलाब उजेडाच्या ओढीने उंच आणि लेचेपेचे वाढू लागले, वृंदावनातली तुळस दर दोन महिन्यांनी बदलावी लागू लागली आणि शहाबादी फरशीवर शेवाळ चढले. अंगण पूर्व-पश्चिम ३४ फूट आणि दक्षिणोत्तर १८ फूट आहे. पूर्वेच्या कोपऱ्यात जुना आंबा आहे. ‘आता तिथे कोबा करून गाडी लावा’ असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. तो मानण्याची घरात कोणाचीच तयारी नव्हती, म्हणून २०२४ च्या डिसेंबरात सावलीच्या बागा आखून आणि लावून देणाऱ्या एका लहान व्यवसायाला आम्ही बोलावले. लागवड जानेवारीच्या अखेरीस झाली. त्यानंतर उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे पूर्ण चक्र पाहून हे परीक्षण लिहीत आहे. त्यात तक्रारीचा भागही बराच असल्याने व्यवसायाचे नाव देत नाही. ज्यांना अशी सेवा घ्यायची आहे त्यांना काय पाहावे आणि काय विचारावे हे कळावे, एवढाच हेतू आहे.

पहिल्या भेटीने आमचा विश्वास बसला. बागरचनाकार ताई आणि त्यांच्याबरोबरचे माळीकाका असे दोघे आले होते. कोणती फुले हवीत, हा त्यांचा पहिला प्रश्न नव्हता. अंगणात कोण, किती वाजता येऊन बसते आणि कोणत्या खिडकीतून अंगण सर्वांत जास्त पाहिले जाते, हे त्यांनी आधी विचारले. मग प्रकाशमापकाने जागोजागी नोंदी घेतल्या. उघड्या आभाळाखाली भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स प्रकाश असतो. आमच्याकडे डिसेंबरच्या दुपारी आंब्याखालच्या भिंतीलगत तो दीड हजाराच्या आत होता आणि स्वयंपाकघराच्या बाजूला सात-आठ हजार. माळीकाकांनी तीन ठिकाणी दीड फूट खोल खणून पाहिले. वर सहा इंच काळी माती, तिच्याखाली शेजारच्या बांधकामाच्या वेळी येऊन पडलेला राडारोडा आणि त्याखाली मुरूम निघाला. सिमेंट आणि गिलाव्याचे तुकडे मातीत मिसळले की ती अल्कधर्मी होते आणि सावलीत वाढणाऱ्या बहुतेक झाडांना ती मानवत नाही. शिवाय काळी माती उन्हात भेगाळते आणि सावलीत आठ-आठ दिवस चिकट राहते, त्यामुळे मुळे कुजतात. म्हणून आंब्याची मुळे सोडून बाकीच्या वाफ्यांतील सव्वा फूट माती त्यांनी पूर्ण काढली आणि पोयटा, पालापाचोळ्याचे खत, जाड रेती व थोडे कोकोपीट यांचे मिश्रण भरले. पूर्ण खर्चात या एका कामाचा वाटा मोठा होता, पण आज बाग ज्या स्थितीत आहे तिचे निम्मे श्रेय मी त्यालाच देईन.

सासूबाईंनी अनंत मागितला होता. त्यावर ताईंनी स्पष्टच सांगितले, “आजी, अनंताला इथे कळ्या येतील, पण उमलायच्या आत गळून जातील. त्यापेक्षा सोनटक्का लावू या. वास अनंताचा नसेल, पण पावसाळ्यात संध्याकाळी अंगण भरून जाईल.” सासूबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मग तो माझ्या खिडकीशीच लाव.” तो तिथेच लावला गेला. मोगरा आणि गुलाब गच्चीवरच्या कुंड्यांत गेले, तुळसही गच्चीवर गेली. गिऱ्हाईक मागेल ते झाड विकून मोकळे होणे सोपे असते. जिथे झाड जगणार नाही तिथे ते न लावण्याचा सल्ला देणे हा मला या सेवेचा सर्वांत मोठा गुण वाटला.

आराखडा मी नीट समजून घेतला आणि त्यातून बरेच शिकले. सावलीत फुलांवर बाग उभी राहत नाही, ती पानांवर उभी राहते. त्यामुळे पानाचा आकार, पोत आणि रंग यांची शेजार-पाजार जुळवणी हाच रचनेचा गाभा असतो. मॉन्स्टेराच्या रुंद, कातरलेल्या पानाशेजारी बोस्टन नेच्याची बारीक पिसे, त्यांच्या पायाशी लिरिओपेची गवतासारखी पाती आणि मागे राफिस पामची उभी बोटे, असा एक गट पश्चिमेच्या कोपऱ्यात केला आहे. त्यात एकही फूल नाही, तरी पाहणाऱ्याची नजर तिथून हलत नाही. दुसरी गोष्ट संख्येची. रोपवाटिकेत गेले की आपण प्रत्येक प्रकारचे एकेक रोप उचलतो आणि अंगणाचे प्रदर्शन करून टाकतो. इथे एकाच जातीची सात, नऊ, अकरा रोपे सलग लावली आहेत आणि तीच जात थोड्या अंतरावर पुन्हा आणली आहे, त्यामुळे १८ फुटांचे अंगण आहे त्याहून खोल वाटते. गडद हिरवी आणि जांभळट पाने सावलीत दूरवरून दिसत नाहीत, काळोखात विरून जातात. म्हणून ती वाटेच्या कडेला, पायाजवळ घेतली. पांढऱ्या-पोपटी छटांची पाने, म्हणजे पट्ट्यांचे क्लोरोफायटम, फिक्या पानांचे सिंगोनियम आणि चंदेरी अग्लोनेमा, लांबच्या भिंतीकडे लावली. त्या भिंतीला फिकट रंग दिला होता. एवढ्याने आंब्याखालच्या नोंदी प्रकाशमापकावर जवळपास दीडपट झाल्या, हे मी स्वतः पाहिले आहे.

आराखड्यातला सर्वांत सुंदर विचार मात्र मला पावसाळ्यात उमगला. ताईंनी खिडकीसमोरच्या मोठ्या वाफ्यात हळद, सोनटक्का, अळू आणि कॅलेडियम एकत्र लावले होते. फेब्रुवारीत तो वाफा जवळजवळ रिकामा दिसत असे. हळदीची पाने वाळून गेलेली, कॅलेडियमचे कंद मातीखाली झोपलेले. घरातल्यांना तो पैशाचा अपव्यय वाटला. जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि पंधरा दिवसांत त्या वाफ्याने डोके वर काढले. ऑगस्टमध्ये हळदीची पाने कमरेला लागली आणि गौरी-गणपतीच्या सुमारास सोनटक्का फुलला. आमच्या अंगणात सावली सर्वांत दाट असते ती थंडीत, आणि ही झाडे नेमकी त्याच वेळी विसावा घेतात किंवा मंदावतात. पावसात वाढायचे आणि कोरडे दिवस आले की जमिनीखाली जायचे, हा या कंदांचा मूळचाच क्रम आहे. तो आमच्या अंगणाच्या वर्षाशी जुळवणारा माणूस आपल्या कामात मुरलेला असतो, याबद्दल मला शंका नाही.

म्हणूनच पुढची चूक मला अधिक लागली.

संपूर्ण पाहणी डिसेंबरातली होती. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस इथे माध्यान्हीचा सूर्यही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर येतो आणि ७० फुटांच्या इमारतीची सावली उत्तरेकडे ६० फुटांहून लांब पडते. आमचे अंगणच काय, घराची मागची भिंतही तिच्यात बुडालेली असते. पण मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य पुण्याच्या थेट माथ्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो, आणि मधल्या काळात तो माथ्याच्याही किंचित उत्तरेकडून जातो. त्या दिवसांत दक्षिणेची इमारत कितीही उंच असली तरी भर दुपारी ती आपल्याला सावली देऊ शकत नाही. म्हणजे डिसेंबरात ज्याला पूर्ण सावली म्हणावे ते अंगण मे महिन्यात दुपारचे तीन तास तव्यासारखे तापते. जून-जुलैत ढग असल्याने ते जाणवत नाही; मार्च ते मृगाच्या पावसापर्यंतचे तीन महिने हे खरे संकट असते, आणि याच काळात पुण्याची दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. पुण्यात सावलीच्या बागा करणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवे.

मार्चच्या पहिल्या रविवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास, म्हणजे पुण्यात सूर्य खऱ्या अर्थाने मध्यावर येतो त्या वेळी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उन्हाची चार बोटे रुंद पट्टी दिसली. मी त्या पट्टीच्या कडेवर फरशीवर चुन्याने रेघ ओढली. पुढच्या रविवारी ऊन त्या रेघेच्या चार फूट पुढे गेले होते. मग दर रविवारी त्याच वेळी रेघ ओढत गेले आणि वर बारीक अक्षरांत तारीख लिहिली. ऊन घराकडून दक्षिणेच्या कुंपणभिंतीकडे आठवड्याला तीन-चार फुटांनी सरकत गेले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भिंतीला भिडले. त्या दिवसापासून आंब्याखालचा भाग वगळता सगळे अंगण दुपारी उन्हात होते. यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की घरालगतचा पट्टा, जो डिसेंबरात सर्वांत उजळ सावलीचा म्हणून निवडला होता, त्यावरच ऊन सर्वांत आधी आले आणि सर्वांत जास्त दिवस राहिले. इमारतीला चिकटून असलेली कुंपणभिंतीची बाजू उलट महिनाभर अधिक सुरक्षित होती. आणि सेवेने नेमक्या याच उजळ पट्ट्यात उन्हाने करपणाऱ्या १४ कॅलेथिया आणि हंसराज या नाजूक नेच्याच्या आठ कुंड्या लावल्या होत्या.

कॅलेथियाची पाने आधी लांबीच्या दिशेने गुंडाळली गेली, मग कडा कागदासारख्या कुरकुरीत झाल्या, आणि पानाच्या मध्यावर उन्हाचे पांढुरके चट्टे पडून ते तपकिरी होत गेले. हंसराज तर एका आठवड्यात विझला. त्याच्या काळ्याभोर, तारेसारख्या देठांवर काहीच उरले नाही. एप्रिलच्या अखेरीस १४ पैकी ११ कॅलेथिया गेल्या होत्या. त्याच पट्ट्यातले फिलोडेंड्रॉन झनाडू, शेफ्लेरा, लिरिओपे आणि सान्सेव्हिएरिया यांना मात्र काहीही झाले नाही, कारण ही झाडे सावलीही सोसतात आणि काही तासांचे ऊनही. या पट्ट्यात काय टिकते, ही माहिती मला त्या झाडांनीच दिली.

मी फोन केला तेव्हा पहिले उत्तर ‘पाणी कमी पडले असेल’ असे आले, आणि रोपांची हमी तीन महिन्यांचीच असल्याची आठवण करून देण्यात आली. ठिबकची वेळ त्यांनीच लावून दिलेली असताना हे उत्तर मला पटले नाही. मी तारखा घातलेल्या चुन्याच्या रेघांचे फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी ताई स्वतः आल्या, रेघा पाहिल्या आणि पाहणी एकाच ऋतूवर आधारलेली होती हे त्यांनी मान्य केले. मेलेल्या रोपांची निम्मी किंमत त्यांनी सोसली. घरालगतच्या दहा फुटांच्या पट्ट्यावर आता मार्च ते मध्य जून या काळात काढता-घालता येणारी ५० टक्के शेडनेट लावतो. तिचे हूक आणि तारा त्यांनी विनामूल्य बसवून दिल्या. जाळी लावल्यावर अंगणाचे रूप कमी होते, हे मात्र खरे. आराखड्याच्या वेळीच हे ध्यानात आले असते, तर त्या जागी एखादी सुबक लाकडी पट्ट्यांची मांडव-चौकट करता आली असती. चूक मान्य करण्यासाठी गिऱ्हाइकाला पुरावा द्यावा लागणे आणि भरपाई अर्धीच मिळणे, हे दोन्ही मला अयोग्य वाटते.

पाण्याच्या बाबतीतही पहिली व्यवस्था चुकली होती. ठिबकची एकच ओळ सगळ्या अंगणाला दिली होती. आंब्याखाली मुळेच इतकी आहेत की तिथले पाणी आंबा पिऊन टाकतो, तर पश्चिमेच्या कोपऱ्यात माती सतत ओली राहून अग्लोनेमाची तीन रोपे बुडातून सडली. सावलीत जमीन वरून कोरडी दिसली तरी बोटभर खाली ओल असते, म्हणून बोट खुपसून पाहिल्याशिवाय पाणी देऊ नये, हे माळीकाकांनी सांगितले होते. पण टायमरला बोट नसते. आता दोन स्वतंत्र ओळी आहेत आणि पावसाळ्यात कोपऱ्याची ओळ बंद असते. शिवाय सुरुवातीला ठिबक बोअरला जोडले होते. त्या क्षारयुक्त पाण्याने नेच्यांच्या पानांवर पांढरे डाग पडू लागले, तेव्हा जोडणी महापालिकेच्या पाण्याच्या टाकीवर घेतली.

अळूविषयी एक सूचना मनापासून करते. शोभेचा अलोकेशिया आणि खाण्याचा अळू त्यांनी शेजारी-शेजारी लावले होते. दिसायला रचना अप्रतिम होती. पण आमच्या घरी अळूचे फतफते श्रावणात हमखास होते आणि संध्याकाळच्या उजेडात पाने खुडणाऱ्याच्या हातून शोभेचे पान सहज खुडले जाऊ शकते. खाण्याच्या अळूतही घसा खाजवणारे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक असतात, म्हणून तर आपण त्यात चिंच घालतो आणि पाने नीट शिजवतो. शोभेच्या जाती मात्र शिजवूनही खाण्याच्या नव्हेत. हेच स्फटिक फिलोडेंड्रॉन, अग्लोनेमा, मॉन्स्टेरा आणि डिफेनबॅकियात असतात. रांगते मूल किंवा पाने चावणारे कुत्रे घरी असेल तर सावलीच्या बागेतील निम्म्या झाडांबाबत हे आधीच सांगितले गेले पाहिजे. आम्हाला ते सांगितले गेले नव्हते. आम्ही बोलल्यावर अलोकेशिया त्याच दिवशी दुसऱ्या टोकाला हलवला गेला.

आंब्याच्या बाबतीत सेवेची वागणूक निर्दोष होती. खोडाभोवती माती चढवली नाही, मुळे तोडून वाफे केले नाहीत. मुळांच्या मधल्या खिशांत नागवेल, पिंपळी आणि नेचे बसवले आणि बाकी जमीन आंब्याच्याच पालापाचोळ्याने झाकली. नागवेल खोडाला धरून आता सात फूट चढली आहे आणि सासूबाईंचे विडे घरच्या पानांचे होतात. खालच्या दोन फांद्या विरळ केल्यास अधिक कवडसे पडतील असे सुचवताना, १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यामुळे स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही परवानगीशिवाय हात लावता येत नाही, हे त्यांनी आपणहून सांगितले आणि महापालिकेकडे करायचा अर्ज भरून दिला. परवानगी मिळाल्यानंतरच छाटणी झाली.

पावसाळ्यात शंखी गोगलगायींचा त्रास झाला. त्यासाठी औषधाची फवारणी न करता ओले गोणपाट रात्री अंथरून सकाळी त्याखालच्या गोगलगायी गोळा करण्याचा उपाय माळीकाकांनी दाखवला आणि तो पुरला. कुंड्यांखालच्या ताटल्या त्यांनी सुरुवातीलाच काढून टाकायला लावल्या होत्या, कारण साठलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचे डास होतात.

खर्च असा आला: पाहणी आणि आराखडा १२,००० रुपये, माती, रोपे, ठिबक, रंगकाम आणि मजुरी मिळून १,३४,००० रुपये, महिन्यातून दोन फेऱ्यांची देखभाल २,५०० रुपये. मातीकामाचा विचार करता रक्कम मला वाजवी वाटते. रोपांचे दर मात्र मांजरी-उरुळीकडच्या रोपवाटिकांपेक्षा चढे होते, त्यामुळे लिरिओपे आणि क्लोरोफायटमसारखी मोठ्या संख्येने लागणारी रोपे स्वतः आणण्याची मुभा मागून घ्यावी. आम्ही दुसऱ्या टप्प्यात ती मागितली आणि त्यांनी आढेवेढे न घेता दिली. आराखड्याआधी सावलीची बाग कशी दिसते हे पाहायचे असेल, तर एम्प्रेस गार्डनमधल्या जुन्या वृक्षांखाली एक सकाळ घालवावी. आम्ही तिथे गेलो नसतो, तर पानांच्या भरवशावर बाग करण्याची कल्पना घरात कोणाला पटली नसती.

ज्यांच्या अंगणाला झाडाची सावली आहे त्यांनी ही सेवा निःशंक घ्यावी, कारण आंब्यासारख्या सदाहरित झाडाखालची सावली वर्षभर फारशी बदलत नाही आणि त्या कामात हे लोक खरोखर तरबेज आहेत. ज्यांच्याकडे इमारतीची सावली आहे त्यांनी पाहणी डिसेंबरात आणि पुन्हा एप्रिलमध्ये अशी दोनदा करण्याचे कलम करारात लिहून घ्यावे, आणि रोपांची हमी किमान पहिल्या पावसापर्यंतची मागावी. आमच्या नव्या देखभाल-करारात ही दोन्ही कलमे आहेत. घरालगतच्या पट्ट्यात कॅलेथियाच्या जागी काय लावायचे, हे ताई एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी येऊन ठरवणार आहेत. तोवर तिथे अबोलीची नऊ रोपे सासूबाईंनी स्वतः लावली आहेत, आणि फरशीवरच्या चुन्याच्या रेघा पावसाने पुसल्या गेल्या होत्या त्या आता तैलरंगाने पुन्हा काढून घेतल्या आहेत.